एका घमेल्यात धुतलेली इंजिनं

मित्रांनो, मी जपानी मोटारसायकल, आता बरीच जुनी झालेली. आज मी तळा गावाजवळच्या एका खेड्यात, पेंढ्याच्या उडवीशेजारी, परक्या अंगणात उभी आहे. बाजूला माझी जोडीदारीण आहे. माझ्याच वर्षाची, माझ्याच निळ्या रंगाची. तिच्या पोटात इंजिन नाही. ते का नाही हे सांगायचं तर मला मुळापासूनच सुरुवात करावी लागेल.

माझा जन्म काही एका जागी झाला नाही. इंजिन जपानहून बोटीने आलं, सांगाडा इथल्या कारखान्यात घडला आणि दोघांची गाठ पडली तेव्हा मी झाले. पेट्रोलमध्ये थोडं तेल मिसळून मला पाजावं लागे. मी धावू लागले की मागे निळसर धुराची शेपटी राही आणि गावातली कुत्री त्या शेपटीमागे लागत.

मला घेतलं देवव्रत मास्तरांनी. त्यांची हरिहरेश्वरला सुपारीची वाडी आहे, पण ते तळा गावच्या शाळेत गणित शिकवायचे आणि आठवडाभर तिथेच राहायचे. त्याच दसऱ्याला, त्याच दुकानातून, माझ्या शेजारची गाडी घेतली धर्माजींनी. ते त्याच शाळेत कारकून होते आणि घरी त्यांची भातशेती होती. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही दोघी म्हसळ्याच्या रस्त्याने हरिहरेश्वरला निघायचो. धर्माजींच्या मागे त्यांच्या पत्नी काशीवहिनी बसत, मांडीवर तांदळाची पिशवी घेऊन. वळणावर त्या मागे बघून ओवी म्हणत:

दोन गं गाड्या आल्या, धुरळा एक झाला,
पुढं कोण, मागं कोण, वळखंना मला.

एकदा भर उधाणाच्या दिवशी खाडीचं पाणी बांध ओलांडून रस्त्यावर आलं. दोघांनाही थांबायचा धीर नव्हता. मधोमध आम्ही दोघी बुडबुडलो आणि गप्प झालो. खारं पाणी पोटात गेलं की इंजिन लगेच उघडावं लागतं. ढकलत ढकलत आम्हाला याच अंगणात, म्हणजे धर्माजींच्या घरी, आणलं. एका ताडपत्रीवर दोन्ही इंजिनं उघडली आणि सगळे भाग एकाच घमेल्यात रॉकेलने धुतले. दोघेही पुस्तकात बघून शिकलेले मेकॅनिक. जोडायची वेळ आली तेव्हा धर्माजींनी खालचं जड खोकं उचललं, ज्यावर नंबर कोरलेला असतो.

"मास्तर, हे तुझं का माझं?"

"कुठलंही घाल रे. दोन्ही सारखीच आहेत."

"बघ हां. उद्या तुझी गाडी माझ्या पोटानं चालंल."

"चालू दे. तुझी पेट्रोल खाते तरी कमी."

अशी आमची पोटं बदलली. दोघेही हे विसरून गेले. मीसुद्धा विसरले, कारण चालताना काहीच निराळं वाटलं नाही. त्या पोटाने मी मास्तरांना रोज शाळेत नेलं, वाडीतल्या सुपारीच्या गोण्या वाहिल्या, घाट चढले. कधी तिच्या क्लचच्या पट्ट्या मला, कधी माझी चेन तिला. कोणाचं काय, हे कोणी विचारलं नाही.

मग दोघे निवृत्त झाले आणि मास्तर वाडीत राहायला गेले. शनिवारच्या फेऱ्या विरळ झाल्या, पण थांबल्या नाहीत. त्या थांबल्या कौतुकामुळे. मास्तरांचा पुतण्या सलिल पुण्याहून आला, माझ्याभोवती फिरला आणि म्हणाला, "काका, असली गाडी आता बघायला मिळत नाही. फक्त सगळं ओरिजिनल हवं." त्याने मला पॉलिश केलं, सुपारीच्या गोण्या बांधायचं कॅरिअर काढून टाकलं आणि किनाऱ्यावरच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला नेलं. तिथे माझ्यासारख्या किती तरी रांगेत उभ्या होत्या. माणसं एकीची टाकी दुसरीशी, दुसरीचे आरसे तिसरीशी ताडून बघत होती. आमच्या जातीच्या गाडीत हँडलखालच्या मानेवर आणि इंजिनावर एकच नंबर कोरलेला असतो. एक परीक्षक भर उन्हात टॉर्च घेऊन माझ्या मानेशी वाकला, मग पोटाशी वाकला.

"मानेवरचा नंबर वेगळा, इंजिनावरचा वेगळा. ही भेसळ आहे. रांगेतून बाहेर घ्या."

मास्तरांचा चेहरा उतरला. जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाला चारचौघांत आकडे जुळत नाहीत म्हणून सांगितलं होतं. वाडीत परतल्यावर त्यांनी पडवीतूनच फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता, म्हणून मला दोन्हीकडचं ऐकू आलं.

"धर्मा, माझं इंजिन तुझ्या गाडीत आहे. ते मला हवंय."

"आता आठवण झाली व्हय?"

"तुझं तुला देतो ना. आहे तसं."

"माझं म्हंजे कुठलं रे? त्याच्यातला पिस्टन मी बसवला, तुझ्यातला तू. वाटणी कशी करायची?"

"नंबर असेल त्याप्रमाणे. लोक माझ्या गाडीला भेसळ म्हणाले."

मग धर्माजी म्हणाले, "घेऊन जा तुमचं." इतक्या वर्षांत मास्तरांना त्यांनी 'तुमचं' म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं.

मास्तर गेले नाहीत. धर्माजींनीच इंजिन काढून टेम्पोने पाठवलं, स्वच्छ पुसून, गोणपाटात बांधून. ते माझ्यात बसलं. माझ्यातलं निघालं ते त्याच गोणपाटात गुंडाळून पडवीच्या कोपऱ्यात ठेवलं. उद्या पाठवतो, असं मास्तर म्हणाले. पुढच्या आठवड्यात पाठवतो. भाताची कापणी झाली की स्वतःच नेऊन देतो. लाज वाटली की माणूस कामं पुढे ढकलतो, आणि जितकी पुढे ढकलतो तितकी लाज वाढते.

पुढच्या मेळाव्यात मला चषक मिळाला. त्यानंतर मला कोणी चालवलं नाही. ओरखडा येईल म्हणून मास्तरांनी माझ्यावर जाड प्लास्टिक घातलं आणि खालून दोरीने आवळलं. मित्रांनो, समुद्राकाठी अशी माया करू नये. खारा दमट वारा आत शिरतो तो बाहेर पडत नाही. आत अंधार असायचा आणि बाहेर सुपारी पडल्याचा आवाज. मी अस्सल झाले होते, नखशिखांत माझीच होते, आणि इतकी एकटी मी कधीच नव्हते. कोपऱ्यातलं गोणपाट माझ्याहून गप्प होतं.

मग एका सकाळी काशीवहिनी आल्या, एकट्याच, एसटीने.

"देवाला आले व्हते, भाऊजी. म्हटलं, वाकडी वाट करावी."

"धर्मा कसा आहे?"

"हाय की. रोज गाडी पुसत्यात. मग तिच्यावर बसत्यात. कीक मारायला पाय उचलत्यात आन् परत खाली ठेवत्यात. खाली कीकच न्हाय." मग त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं. "ते का? द्या, मी नेते."

"वहिनी, जड आहे ते."

"तुमच्या सुपारीच्या गोणीपरीस जड हाय का?"

"कंडक्टर तिकीट मागेल त्याचं."

"मागू दे. अर्धं काढीन."

मास्तर हसले नाहीत. मग माझ्या अंगावरचं प्लास्टिक ओढून काढलं, काथ्याची दोरी आणली आणि गोणपाट माझ्या सीटवर करकचून बांधलं. दोरीने रंग सोलला. वहिनी एसटीने पुढे गेल्या. मी बऱ्याच लाथांनंतर खोकत खोकत सुरू झाले. म्हसळ्याचा घाट आम्ही सावकाश चढलो. जे पोट वर्षानुवर्षं माझ्या आत धडधडलं, ते पाठीवर मुकं बसलं होतं.

धर्माजी अंगणातच होते. आवाज ऐकून उठले, पण पुढे आले नाहीत.

"धर्मा, उशीर झाला," मास्तर म्हणाले.

"व्हय. पाणी घे."

दोघांनी मिळून गोणपाट सोडलं. धर्माजींनी पाना लावून इंजिनाचं चक्र फिरवून बघितलं. फिरलं नाही. जोर लावला, तरी नाही.

"जाम झालंय."

"मी तेल घालून ठेवायला हवं होतं," मास्तर म्हणाले.

"गणिताचा मास्तर तू. नंबर तेवढे जुळवलेस."

धर्माजींनी प्लग काढला, भोकातून डिझेल ओतलं आणि हात पुसले.

"सुटेल?"

"बघायचं. आज तर न्हाय सुटायचं."

"मग मी उद्या येतो."

"उद्या कशाला येतोस? सुटंपर्यंत ऱ्हा."

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू असेल तर तिला कोरड्या फडक्याने पुसा, वेळेवर तेल द्या आणि वापरा. जपायची म्हणून तिला कोंडू नका. आणि दुसऱ्याचं काही तुमच्याकडे राहिलं असेल तर आजच नेऊन द्या. लोखंड कोणावर रागवत नाही, पण वाट बघता बघता गंजतं.

आम्ही दोघी शेजारी उभ्या आहोत. ते दोघे पायरीवर चहा पिताहेत. आता धर्माजी उठलेत. वाकून पाना लावताहेत. मास्तरांनी बशी खाली ठेवली आहे.

अजून सुटलं नाही.