विजयमालाबाईंच्या दाराबाहेरचा बोका

मी एक म्हातारा बोका आहे. डावा कान दोन ठिकाणी फाटलेला, नाकावर ओरखडा, चाल जराशी लंगडी. विट्यातल्या आमच्या आळीत मी दिसलो की बायका आधी दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवतात आणि मग चप्पल उचलतात. पण मित्रांनो, मी काही जन्मापासूनचा उडाणटप्पू नव्हे. मलाही घर होतं. ते कसं गेलं, तेवढं ऐका.

माझा जन्म विजयमालाबाईंच्या माळ्यावर, गव्हाच्या पोत्यामागे झाला. ढवळी, चिमी आणि मी अशी आम्ही तीन भावंडं. आई लवकरच निघून गेली. बाई घरात एकट्याच असत. त्यांचे यजमान नाथाजीराव तिकडे सेलमला गलाईचं दुकान चालवत. दिवसभर भट्टीपाशी बसून जुनं सोनं गाळायचं. गावी यायचे ते वर्षातून एकदा, जत्रेला. बाकीचं वर्ष बाईंना बोलायला आम्हीच. कणीक मळता मळता त्या सगळ्या आळीच्या तक्रारी आम्हांला सांगत आणि मी समोर बसून गंभीर चेहरा करी. या घरातला कर्ता पुरुष मीच, अशी माझी ठाम समजूत होती.

आम्ही सहा महिन्यांचे झालो, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी बाईंना सांगितलं, की तिघांचंही ऑपरेशन करून घ्या, म्हणजे पुढे पिल्लांचा त्रास नाही. बाईंनी तीन पिशव्या काढल्या. नेमके नाथाजीराव जत्रेला आलेले.

"आगं, मांजरींचं कर की," ते हसून म्हणाले. "बोक्याचं कशाला? त्यो काय पिल्लं घालणार हाय व्हय?"

"आवं, पर डॉक्टर म्हणत्यात..."

"म्हणायला त्येंचं काय जातंय? गडी हाय त्यो. ऱ्हाऊ दे तसाच."

एक पिशवी परत खुंटीला गेली. त्या दिवशी मी सोप्यात छाती काढून फिरलो. बहिणी गुंगीत लडखडत परत आल्या, तेव्हा मी त्यांना चिडवलंसुद्धा. घात माझा झाला होता, हे मला कुठं ठाऊक!

वर्षभरात माझा जबडा भरला, आवाज घोगरा झाला आणि अंगात एक खोड शिरली. शेपटी ताठ करून भिंतीवर, दारावर, पायपुसण्यावर फवारा मारल्याशिवाय चैन पडेना. हे घर आमचं आहे, असं बाहेरच्या बोक्यांना कळवायची आमची ती रीत. पण त्याचा वास फार वाईट. बाई फिनेल ओतून ओतून दमल्या.

पुढच्या जत्रेनंतर नाथाजीराव परत निघाले. भरलेली बॅग दाराशी होती. घरातलं माणूस चाललं म्हणून असेल, माझा जीव कासावीस झाला आणि मी त्या बॅगेवरच फवारा मारला. ती तशीच सेलमला पोचली आणि भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर उघडली गेली. लगेच फोन आला. नाथाजीरावांचा आवाज मला चुलीपाशी बसून ऐकू येत होता.

"त्या बोक्याला आदी घराभायर काढ!"

बाई रडल्या, पण त्यांनी मला पोत्यात घालून लांब सोडायला लावलं. चौथ्या दिवशी मी परत आलो, तर दार बंद.

मित्रांनो, पाच वर्षं मी त्या दारासमोर काढली. स्टँडकडचा एक पिवळा बोका आमच्या घरामागच्या परड्यात घुसू पाही आणि मी त्याच्याशी जिवावर उदार होऊन भांडे. मला वाटे, मी घर राखतोय. आतल्यांना मात्र दोन दांडग्या बोक्यांचा नुसता गोंधळ ऐकू येई. बाई आम्हां दोघांवर सारखंच पाणी फेकत. बहिणी भेदरून परड्यात यायच्या बंद झाल्या. त्या खिडकीत ऊन खात बसत आणि मी दिसलो की आत पळत. तेव्हा जे वाटे ते कुणाला सांगावं?

एका दुपारी स्वयंपाकघराची खिडकी उघडी दिसली. मी आत उडी मारली, माझ्यामागे पिवळ्याने मारली. पुढे जी झटापट झाली तीत ढवळी सापडली. तिच्या डोळ्याखाली खोल जखम झाली. ते नख माझं होतं.

बाई तिला घेऊन डॉक्टरांकडे धावल्या. डोळा वाचला. डॉक्टर म्हणाले, "ताई, आतल्या दोघींचं केलंत, पण बाहेरचा तसाच ठेवलात. पाणी मारून तो जायचा नाही. पकडून आणा. आणि त्या पिवळ्यालाही."

मग पिंजरा आला, त्यात सुकट आली. मी मुकाट्याने आत गेलो. वाटलं, पुन्हा लांब सोडणार. रिक्षात बाईंनी पिंजऱ्यावर फडकं टाकलं आणि हळूच म्हणाल्या, "तवाच न्यायला पायजे हुतं रं तुला, माझ्या लेकरा."

माझं आणि मागोमाग पिवळ्याचंही ऑपरेशन झालं. महिना-दीड महिन्यात अंगातली रग उतरली. फवारे थांबले, भांडणाची हौस संपली. पिवळाही आता कट्ट्यावर झोपून असतो. बाई मला दोन वेळा जेवण देतात, पण सोप्यात. आत घेऊन बघितलं, तर ढवळी भिंतीला चिकटून थरथरायला लागली. तिला दोष कसा देऊ?

यंदा नाथाजीराव आले. मला बाकाखाली बघून म्हणाले, "कुणाचा गं ह्यो? लय गरीब दिसतोय."

बाईंनी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला. मग म्हणाल्या, "आपलाच हाय. तुमीच तसा ऱ्हाऊ द्या म्हणला हुता."

नाथाजीराव चहा निवेपर्यंत माझ्याकडे बघत बसले.

मित्रांनो, तुमच्या घरी पिल्लं असतील, तर मांजरींना डॉक्टरांकडे नेताना त्यांच्या भावालाही न्या. अर्ध्या तासाचं काम असतं. मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं, तर मी बहिणींबरोबर गेलो असतो.