विहीणबाई आणि दोनशे गोगलगायी

मुलगा आणि होणारी सून दोघंही अथेन्सला नोकरीत अडकलेले, त्यामुळे सुनेची आई थिओपिस्तीबाई थेसालोनिकीहून एकट्याच क्रेटला घर बघायला येणार होत्या. आर्गिरोने ठरवून टाकलं, जेवायला गोगलगायीच करायच्या. पाऊस पडून गेल्यावर तिने द्राक्षमळ्याच्या बांधावरून मोजून दोनशे वेचल्या, पोट साफ व्हायला टोपलीत कोंड्यात ठेवल्या, वर फडकं टाकलं आणि फडक्यावर दगड.

रविवारी चर्चमधून येऊन पाहते तो दगड दाराशी, टोपली रिकामी आणि गोगलगायी भिंतीवर, पडद्यावर, छतावर, संत निकोलसच्या तसबिरीवर!

"अहो! दगड कुणी हलवला?"

"दार आपटत होतं ना," नवरा पोलिदोरोस म्हणाला. "मला काय माहीत, ह्यांना एवढी घाई असेल?"

"बोलू नका, वेचा!"

पन्नासेक वेचून होतात तोच थिओपिस्तीबाई अंगणात हजर. निवृत्त मुख्याध्यापिका, ताठ मान, हातात मिठाईचा डबा. आर्गिरोने त्यांना लगबगीने तसबिरीकडे पाठ करून बसवलं, कॉफी दिली आणि मुलाचे लहानपणचे फोटो पुढ्यात ठेवले. मागे पोलिदोरोस खुर्चीवर चढून संतांच्या अंगावरच्या गोगलगायी खिशात भरू लागला. खुर्ची करकरली. बाईंनी वळून पाहिलं.

"व्याही काय करताहेत?"

"प्रार्थना. फार देवभोळे आहेत हो."

"खुर्चीवर उभं राहून?"

"बुटके आहेत ना. खालून ऐकू जात नाही म्हणतात."

बाईंनी कौतुकाने मान डोलावली. तेवढ्यात छतावरची एक गोगलगाय सुटली आणि थेट त्यांच्या कॉफीत पडली. टुप्प!

पोलिदोरोसच्या खिशातून एक बाहेर येऊन शांतपणे कोपराकडे निघाली. मोडलं लग्न, आर्गिरोला वाटलं. आता पोराला काय तोंड दाखवायचं?

बाईंनी चमच्याने गोगलगाय काढून बशीत ठेवली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. रडतात की काय म्हणून आर्गिरो धावली, तर त्या हसत होत्या.

"विहीणबाई, ह्या डब्यात बुगात्सा आहे, आमच्याकडची क्रीम भरलेली पेस्ट्री. आई घरी करते, असं मुलीने सांगितलंय ना तुम्हाला? मी जन्मात केलेली नाही! डब्यावरचा बेकरीचा कागद विमानात बसून खरवडलाय. नखं अजून दुखताहेत."

"अगं बाई!" म्हणत आर्गिरो मटकन खाली बसली.

बाईंनी बाह्या सरसावल्या. "तुम्ही डावी भिंत, मी उजवी. व्याही, तुम्ही आहात तिथेच चांगले आहात, छत घ्या."

तासाभरात एकशे त्र्याण्णव सापडल्या. कढईत मीठ पसरून आर्गिरोने त्या पालथ्या मांडल्या, तेल सोडलं, रोझमेरी टाकली. फटफट आवाज उठला.

"व्हिनेगर किती?" बाईंनी वही उघडली.

"चर्रर्र होईपर्यंत."

त्यांनी तसंच लिहून घेतलं.

जेवताना पोलिदोरोस म्हणाला, "पण अजून सात कमी आहेत."

"असू दे," काडीने शंखातला गर ओढत बाई म्हणाल्या, "लग्नाला येतील."

आर्गिरो हसत बुगात्सा कापायला उठली.