लाल लेबल फाडलं त्या दिवशी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पॅलेट आहे. गोदामात फळ्यांच्या ज्या बुटक्या चौकटीवर मालाचे खोके रचतात ना, तीच मी. फोर्कलिफ्टचे दोन लोखंडी दात माझ्याखाली शिरतात आणि खोक्यांसकट मला उंच रॅकवर नेऊन ठेवतात.

रबाळ्याच्या एका गोदामात माझी उमेदीची वर्षं गेली. फोर्कलिफ्ट चालवणारा हिरामण म्हणायचा, "हीच द्या, मजबूत हाय!" ते ऐकून मी फुगून जायची. माल चढला की शालनताई लेबल चिकटवायच्या. माल कुठला, वजन किती, जायचा कुठे, सगळं त्यावर असे. ताई साताऱ्याकडच्या. लेबलाचा एकही कोपरा उचललेला त्यांना खपत नसे.

पुढे ओल्या फरशीवर पडून पडून माझ्या मधल्या फळ्यांना तडा गेला. ताईंनी तो बघितला आणि मला लाल लेबल लावलं, 'मोडकी. वापरू नये.' खरं सांगते, मला हायसं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी मालाची गाडी दारात आली आणि पॅलेट कमी पडल्या. सुपरवायझर मानसिंगने माझं लाल लेबल टर्रकन फाडलं. "एक फेरी निघेल. काय टेन्शन नाय." ताई तेव्हा आत होत्या, हिरामणला काहीच ठाऊक नव्हतं. साबणाच्या पावडरीचे खोके रचून त्याने मला सगळ्यात वरच्या रॅकवर ठेवलं. तिथे माझी फक्त दोन टोकं टेकली होती. मधला सारा भार तड्यावर!

आणि बरोबर माझ्याखाली शालनताई येऊन बसल्या, खालच्या मालाला लेबलं लावायला.

तडा सरकू लागला. मित्रांनो, त्या भीतीचं काय सांगू! मला तोंड नाही, हात नाहीत. खिळे धरून मी नुसती करकरत होते, पण फोर्कलिफ्टच्या घरघरीत ते कुणाला ऐकू जाणार? ताई मान खाली घालून लेबलावरून बोट फिरवत होत्या.

हिरामणने पाणी प्यायला फोर्कलिफ्ट बंद केली. त्या शांततेत माझी फळी कडाडली. त्याने वर पाहिलं.

"ताई, उठा! बाजूला व्हा!"

ताईंनी बाजूला अंग झोकून दिलं. मी मोडले. खोके कोसळले. पांढऱ्या धुरळ्यात काही दिसेना. मला वाटलं, मारलं मी त्यांना.

मग खोकल्याचा आवाज आला. ताईंचं मनगट मोडलं होतं, पण जीव वाचला होता.

मानसिंग धावत आला. "ताई, लेबल... मीच फाडलं."

"आवो, मी खाली बसल्याली व्हते," एवढंच ताई म्हणाल्या.

काही महिन्यांनी त्या कामावर परतल्या. पण वर पंखा जरी कुरकुरला, तरी हातातलं काम टाकून अजून बाहेर धावतात.

मी आता शेडमागे मोडून पडले आहे. मित्रांनो, धोक्याचं लेबल कधी फाडावंसं वाटलं, तर आधी त्या वस्तूखाली स्वतः बसून बघा.