ओर्झाईचे मिठाचे जाते

मित्रांनो, मी एक जुने जाते आहे. पण माझ्यातून कधी पीठ पडले नाही. मी सूडाचे मीठ दळते.

तेमूळच्या पाथरवटांनी मला काळ्या कड्यातून काढले आणि खाऱ्या सरोवराकाठी ओर्झाईच्या देवळात बसवले. ओर्झाई ही सूडाची देवी. ज्याचे कोणी वाईट केले, त्याने ओंजळभर खडेमीठ आणायचे, शंभर वेळा अपराध्याचे नाव घेत ते दळायचे आणि त्याच्या उंबऱ्यावर टाकायचे. तीन दिवसांत त्या घरची विहीर खारट होई आणि सगळ्या घराला गाव सोडावे लागे. गुन्हा एकाचा, तहान सगळ्यांची. देवीला त्याचे काही वाटत नसे, आणि खरे सांगायचे तर मलाही नसे.

पाथरवटांनी माझा वरचा दगड फार जड ठेवला होता. हुशारीने की आळसाने, ते मला ठाऊक नाही. पण तो एकट्याने फिरत नाही. खुंट्याला समोरून दुसरा हात लागतोच. लोक भावाला, शेजाऱ्याला घेऊन येत. सणाला माझी पूजा होई, माझ्यावर माळा चढत. तेव्हा मी जरा फुशारलेही होते.

एका सकाळी यारूम एकटीच आली. तिचा दीर ओद्रान नावाडी होता. वारा सुटलेला असताना दारूच्या भरात त्याने नाव पाण्यात लोटली होती. नाव उलटली, तो पोहून आला. तिचा मुलगा केवी आला नाही. पण ओद्रानला दोन लहान मुली होत्या, म्हणून गावात कोणी तिच्यासमोर दळायला बसेना.

"एकटीनं नाही व्हायचं, बाई," पुजारीण मुर्शा म्हणाली. "देवीपुढं रड नि घरी जा."

"रडून झालंय माझं."

तेवढ्यात ओद्रान आत आला आणि समोर बसला.

"तुला कुणी बोलावलं रे?" यारूमने विचारले.

"दुसरा हात हवा ना? धर खुंटा, वहिनी. नाव मी पण घेतो."

दोघांनी शंभर फेरे दळले. दोघांच्या तोंडी एकच नाव, ओद्रान. असे मी आजवर ऐकले नव्हते. मीठ गोळा करताना तो म्हणाला, "उंबऱ्यावर नको टाकूस. पोरी त्याच विहिरीचं पितात. मला दे, मी खातो."

"असली रीत नाही हो आपल्यात!" मुर्शा ओरडली.

यारूमने सगळे मीठ त्याच्या ओंजळीत ओतले. त्याने ते ठसकत, डोळे पुसत संपवले. मग तिने स्वतःच्या तांब्यातले गोडे पाणी त्याला दिले.

"कसं लागतंय?"

"खारट."

"केवीलाही असंच लागलं असेल," ती म्हणाली आणि माझ्यावर डोके टेकून रडली. मला फार वाईट वाटले.

मुलींची विहीर गोडच राहिली. ओद्रानला मात्र आजही कुठलेही पाणी खारटच लागते.

आता देवळात एकट्याने फिरेल असे हलके जाते आणले आहे. त्याच्यापुढे रांग लागते. यंदा सात विहिरी खारट झाल्या. मी ओसरीत पडून आहे, माझ्यावर कोंबड्या बसतात.

मित्रांनो, मला माळा नकोत. पाथरवटाला बोलावून टाकी लावा, मला पुन्हा दळते करा, एवढेच मागणे आहे. आणि कोणाच्या नावाने दळायचेच असेल, तर समोर कोणी येऊन बसेपर्यंत थांबा. कोण येईल, सांगता येत नाही.