तिथं राहतं कोण?

यानाच्या ड्रिलवरच्या झाकणाचा शेवटचा स्क्रू आवळला गेला, तरी तिच्या तोंडून शब्द फुटला नाही.

कपडे बदलायच्या खोलीत अंगातला पांढरा डगला उतरवताना मात्र तिने नणंदेचा हात धरला.

"वन्सं, माझा घाम पडला. आत. ड्रिलच्या खोबणीत."

"पुसलास ना?"

"फडकं पोचेना. तेवढ्यात झाकण बसलं."

"आणि चष्मा कुठं होता तुझा?"

"वाफ धरली होती. वर सारला."

नणंद बाकावर बसली. ही नोकरी तिनेच वहिनीला लावून दिली होती. भाऊ दम्याने घरी पडून. घर या दोघींच्या जिवावर. यान मंगळावर जाणार होतं. ते ड्रिल तिथली जमीन पोखरून आत काही जिवंत आहे का ते शोधणार होतं. इथले जंतू तिकडे जाऊ नयेत म्हणून दोघी दिवसभर त्याचा एकेक भाग स्पिरिटने पुसायच्या. खोलीत बोलायचं नाही, खाजवायचं नाही, शिंक आली तर बाहेर पळायचं.

"गप्प बस, वहिनी. थेंबभर घामानं तिकडं काय कुणाला सर्दी होणारे?"

वहिनीला हसू आलं. डोळे पुसून ती साहेबांकडे गेली.

साहेबांनी ऐकून घेतलं, मग उठून दार लावलं.

"कुणाला बोललात?"

"वन्संना."

"तिथंच थांबवा. उघडायचं तर सगळं परत तापवायचं, पुसायचं. उड्डाणाची वेळ हुकली की गेली दोन वर्षं."

"तुम्हीच शिकवलंत, साहेब. आपला एक जंतू गेला, तरी तिथं सापडेल ते तिथलं की आपलं, कधीच कळायचं नाही."

"शिकवलं हो. पण ताई, तिथं राहतं कोण?"

हा प्रश्न तिने आधी ऐकला होता. साहेबांची खुर्ची आज जिथे आहे, तिथे तिच्या बापाचं खोपट होतं. मोजणीवाले आले तेव्हा चूल पेटलेली होती, दारात शेळी ओरडत होती. तरी ते एकमेकांना म्हणाले, इथं कोण राहतं? आणि खुंट्या ठोकल्या. जाताना तिच्या आईकडेच पाणी मागून प्यायले. माणसाला जागा हवी झाली की त्याचे डोळे जातात. तहान तेवढी शाबूत राहते.

"मला काय ठाऊक?" ती म्हणाली. "पण बघायच्या आधीच कुणी नाही, असं कसं म्हणू?"

साहेबांनी फोन जवळ ओढला.

"वर कळवतो. मग तुमचं काही खरं नाही."

"कळवा."

त्यांनी कळवलं. वरच्यांनी बैठक बसवली, चहा ढोसला आणि थेंब पडलाच नाही असं ठरवून टाकलं. झाकण तसंच राहिलं. जो पडलाच नव्हता, त्या थेंबापायी तिला मात्र यानाच्या खोलीतून हाकललं आणि डगले धुवायला बसवलं. पगार कापला. नणंदेची नोकरी राहिली, पण तिने बोलणं टाकलं. घरी ताट वाढायची, पुढे सरकवायची, तोंडातून अक्षर नाही.

यान उडालं त्या सकाळी भिंती थरथरल्या. सगळ्या बायका अंगणात धावल्या. ती डगले धुवायच्या टपापाशीच थांबली. आवाज विरत गेला, तेव्हा दारात नणंद उभी होती, काखेत मळक्या डगल्यांचं गाठोडं.

"गेला तुझा थेंब, वहिनी."

किती महिन्यांनी बोलली होती. वहिनीने मान हलवली, गाठोडं घेतलं, त्याची गाठ सोडली. खोलीत उकडत होतं. टपावर वाकण्याआधी तिने मनगटाने कपाळ नीट कोरडं केलं, मग भुवया, आणि मगच वाकली.