मोंबासाला दोनदा गेलेला डबा

मित्रांनो, जरा डोळे मिटा. समोर भट्टी धगधगते आहे, कढईत गुळाचा पाक फसफसतो आहे आणि त्यात कोणीतरी भाजलेले शेंगदाणे ओतत आहे, असे समजा. आला वास? आता भट्टीच्या वरच्या फळीकडे बघा. झाकणाला मोठा पोचा आलेला, डावीकडे बसलेला, तो मी. मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. लोणावळ्यात माझ्यासारखे डबे पुष्कळ सापडतील, पण समुद्रापार जाऊन आलेला, तोही दोनदा, असा बहुधा मी एकटाच.

पत्र्याचे काम करणाऱ्या भिकाजीने मला घडवले. त्याने पत्रा कापला, ठोकून वाकवला, सांध्यांना कथलाचा डाग देऊन ते जोडले. मग माझ्यात पाणी भरून मला वर उचलून धरले. थेंबही गळला नाही.

"हौशीरामभाऊ, ह्यो डबा तुमच्या नातवालाबी पुरंल," तो म्हणाला, आणि मी हौशीरामांच्या दुकानात आलो.

हौशीराम मूळचे वराळ्याचे शेतकरी. स्टेशनजवळ त्यांचे चिक्कीचे दुकान होते. तुंगार्लीच्या बंगल्यांत उतरलेले पाहुणे संध्याकाळी दुकानापुढे उभे राहत आणि हौशीराम नुकती लाटलेली चिक्की कापून त्यांच्या हातावर ठेवत. "गरम खावा. गार चिक्की आमी गिऱ्हाइकाला देत न्हाई," असे ते अभिमानाने सांगत. पाक ढवळायला त्यांची मोठी बहीण मुक्ताबाई असे.

ही गोष्ट एकोणीसशे त्र्याहत्तर सालची. हौशीरामांची मुलगी शालू त्या वर्षी पुण्याच्या एका कॉलेजात जाऊ लागली. तिच्या पदवीला परदेशाशी व्यापार कसा करावा आणि कामाचे व्यवस्थापन कसे करावे, हे दोन्ही विषय जोडीने होते.

"दोन दोन कशाला? एकच धड शीक की," हौशीराम म्हणाले.

"तू जेवताना दोन दोन भाकरी घेतोस, तवा कोण इचारतं का तुला?" मुक्ताबाईंनी कढईवरूनच विचारले.

श्रावणात शालूच्या सरांनी वर्गाला एक काम दिले. प्रत्येकाने आपल्या घरचा एखादा माल परदेशी पाठवायचा आणि तो तिथे कसा पोचतो ते बघायचे. सरांच्या ओळखीचे एक दुकानदार आफ्रिकेत मोंबासा बंदरावर राहत. शालूने चिक्की पाठवायचे ठरवले.

हौशीरामांनी तेव्हाच अट घातली. "माल नीट पोचला तर पुढलं वरीस शीक. न्हाईतर गपगुमान दुकानात बसायचं."

शालू बोटीची चौकशी करण्यात आणि कागदपत्रे तयार करण्यात गढून गेली. मला भरायचे काम मात्र तिने वडिलांवर सोडले. हौशीरामांनी दुकानाची शान राखली. पाटावरची गरम गरम चिक्की त्यांनी थेट माझ्या पोटात घातली, झाकण दाबले आणि कडेला मेण लावले. आतल्या आत मला घाम फुटला, मित्रांनो! पण डब्याचे कोण ऐकतो?

दिवाळीच्या सुमारास तिथल्या दुकानदाराने मला परत पाठवले. झाकण उघडले, तर आत एक चिकट काळपट गोळा.

"झाला व्यापार," एवढेच हौशीराम बोलले. शालूने मान खाली घातली. त्यांनी मला परसात टाकले आणि माझ्यात कोळशाचे तुकडे भरले. झाकण खिळ्याला टांगून ठेवले. ज्याने बंदर पाहिले, त्याने आता कोळसे सांभाळायचे! ते दिवस मला फार जड गेले.

एका सकाळी कोळसे न्यायला शालू आली. तिचे लक्ष झाकणाकडे गेले. तिने ते काढून उलटसुलट केले. वरून पत्रा लखलखीत होता. आतून मात्र गंजाचे गोल गोल ठिपके, जणू पाण्याचे थेंब तिथेच वाळले होते. ती तशीच आत धावली.

"आबा, पाणी बाहेरून शिरलं नव्हतं. गरम चिक्कीची वाफ आत कोंडली आणि तिचंच पाणी झालं. चिक्की गार करून भरायला हवी होती."

"गार? आपल्या दुकानाची?" हौशीरामांना ते पटेना. "लोक काय म्हणतील?"

"मोंबासाच्या लोकांना ती गारच मिळणार ना, आबा. बोटीत कोण भट्टी लावतंय?"

मुक्ताबाईंना हसू आवरेना. "एकडाव पोरीचं ऐक की," त्या म्हणाल्या.

मला पुन्हा मोंबासाला पाठवायचे ठरले आणि या वेळी शालूने कामे वाटून दिली. वडिलांनी लाटायचे आणि कापायचे. आत्याने मला घासून भट्टीजवळ कोरडे करायचे. झाकण मात्र शालू सांगेल तेव्हाच लागेल. चिक्की गार होईपर्यंत हौशीराम दुकानात येरझाऱ्या घालत होते. त्यांनी दोनदा माझ्याकडे हात नेला आणि दोनदा मागे घेतला.

शिमग्याआधी मी परतलो. शालूने झाकण उघडले आणि दुकानभर वास दरवळला. माझ्यात लवंगा होत्या! तिथल्या दुकानदाराने चिक्की कुरकुरीत पोचल्याचे कळवले होते, आणखी मागवली होती, आणि रिकामा डबा कसा पाठवायचा म्हणून तिकडच्या लवंगा भरल्या होत्या.

हौशीरामांनी एक लवंग दाताखाली धरली. बराच वेळ चघळली.

"लवंगा गारच भरल्यात वाटतं," ते म्हणाले. मग शालूकडे न बघता हळूच, "पुढल्या वरसाची फी कवा भरायची?"

मुलांनो, घरातली जुनी वस्तू टाकून देण्याआधी तिला एकदा उलटून बघा. आणि कोणी माझा हा पोचा ठोकून सरळ करायला निघालाच, तर त्याला थांबवा. तो त्याच दिवशीचा आहे.

झाले असे, की आनंदाच्या भरात हौशीरामांनी लवंगा परातीत ओतल्या, पाटावरची वाफाळती चिक्की ओंजळीत घेतली आणि "चला, मोंबासाला पाठवू," म्हणत ते माझ्याकडे धावले.

शालूने चटकन झाकण लावले आणि चिक्की गार होईपर्यंत ती सरळ माझ्यावर बसून राहिली.