आल्बिनाच्या स्वयंपाकघरातली बर्फाची पेटी

मी एक जुनी बर्फाची पेटी आहे. बाहेरून सागवान, आतून जस्ताचा पत्रा आणि दोन्हींच्या मध्ये ठासून भरलेला लाकडाचा भुसा. तळाशी पितळेची एक तोटी आहे, वितळलेलं पाणी तिच्यातून बाहेर जातं. मित्रांनो, तुमच्या घरी फ्रीज असेल, त्यामुळे माझ्यासारखी पेटी तुम्ही कदाचित पाहिलीही नसेल. पण बहारीनच्या उन्हाळ्यात एके काळी मला फार मान होता.

माझा जन्म १९७१ सालचा. राजधानी मनामातल्या बाब अल बहरीन या जुन्या वेशीच्या मागच्या गल्लीत ताहिर नावाचा कारागीर पत्र्याचं काम करायचा. एका मोडलेल्या गलबताच्या फळ्या घेऊन त्याने मला बनवलं. गिऱ्हाइकाला तो छातीठोकपणे सांगायचा, "संध्याकाळी बर्फ भरा. सकाळी अर्धा उरला नाही तर पेटी परत आणा." मला परत कुणी आणलं नाही. मनामातल्या एका हॉटेलाने मला नेलं आणि तिथे दहा वर्षं मी मासळी, लोणी, फळं गार ठेवली.

त्याच हॉटेलात ह्युबर्ट होता. तो वसईचा. सॅलड आणि थंड पदार्थ करणं हे त्याचं काम, पण त्याचं खरं कसब बर्फात होतं. मेजवानी असली की तो छिन्नी घेऊन बर्फाच्या लादीतून हंस काढायचा, मासा काढायचा. एकदा तर त्याने शिडासकट अख्खं गलबत कोरलं होतं. ते वेळेपर्यंत टिकवायचं काम माझं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या की तो आत येऊन माझ्या झाकणावर थाप मारायचा. मला वाटायचं, त्या टाळ्यांत थोडा वाटा माझाही आहे.

पुढे हॉटेलात विजेची मोठी कोल्डरूम आली. मला मागच्या अंगणात काढलं. माझ्यावर रंगाचे डबे आले, आत मांजरी व्याल्या, तोटी हिरवी पडली. दिवस तसेच चालले होते. एक दिवस ह्युबर्टने मॅनेजरकडे मला मागून घेतलं. त्याचा मित्र गुंडू याने कुणाचा तरी पिकअप आणला. गुंडू कुडाळकडचा. अस्कर नावाच्या गावी कामगारांची बस चालवायचा. दोघांनी मला ह्युबर्टच्या घराच्या जिन्यावरून वर चढवलं आणि गुंडू धापा टाकत म्हणाला, "ह्युबर्ट, ही पेटी नाय रे, ही म्हस आसा!"

दारात ह्युबर्टची बायको आल्बिना उभी होती. ती एवढी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. तिने स्वतः बसून माझी तोटी चिंचेने घासली. मित्रांनो, टाकून दिलेल्या वस्तूला कुणी असं हात लावून स्वच्छ केलं की तिला काय वाटतं, ते मी तुम्हाला सांगू शकणार नाही.

आल्बिना एका इस्पितळाच्या लाँड्रीत सुपरवायझर होती. घर खदिजाचं. ती बहारीनचीच, विधवा, खालच्या मजल्यावर राहायची. सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. वीज गेली की भांडं घेऊन वर यायची आणि तिच्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणायची, "आल्बिना, थोडा बर्फ." शुक्रवारी गुंडू सुरमई आणायचा, आल्बिना आमटी करायची, खदिजा खजूर पाठवायची. ती तीन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यांत सुखाची.

१९८४ साली आल्बिनाच्या छातीत गाठ निघाली. तिच्याच इस्पितळात ऑपरेशन झालं. मग दर तिसऱ्या आठवड्याला सलाइनमधून औषध सुरू झालं. औषध घेऊन आली की ती आठ-आठ दिवस उलट्या करायची. भाताचा वास आला तरी तोंड फिरवायची. माझ्यातला बर्फाचा खडा तोंडात धरून पडून राहायची. तिचं मनगट इतकं बारीक झालं की बांगडी कोपरापर्यंत सरकायची.

"डॉक्टरांना सांग ना गं," ह्युबर्ट म्हणायचा.

"काय सांगू? त्यांनी अनफिट लिहिलं तर नोकरी जाईल. माझा व्हिसा कॅन्सल होईल. मग हे औषध मला कोण देणार? तू?"

ह्युबर्ट मग माझ्यातून बर्फाचा खडा काढून तिला आणून द्यायचा. तपासणीच्या दिवशी आल्बिना गालाला पावडर लावून जायची आणि डॉक्टरांनी विचारलं की म्हणायची, "ठीक हूँ."

हॉटेलात एक परदेशी खलाशी यायचा. ह्युबर्टचं दुःख ऐकून तो म्हणाला, आमच्याकडे असे आजारी लोक गांजा ओढतात, त्याने मळमळ थांबते. आल्बिनाला तर धूर सहन होत नव्हता. तेव्हा खलाशाने सांगितलं की बर्फाच्या पाण्यात गांजाचा अर्क वेगळा काढतात, तो पोटात घेता येतो. बर्फ म्हटल्यावर ह्युबर्टचे कान उभे राहिले. आयुष्यात त्याला एकच गोष्ट नीट येत होती आणि नेमकी तीच बायकोच्या उपयोगी पडणार होती! त्या देशात अशा गोष्टीला तुरुंग आहे, हे त्याला ठाऊक होतं. गुंडूलाही ठाऊक होतं. तरी चार दिवसांनी गुंडूने जेवणाच्या डब्यात लपवून एक पुडी आणली. ती ओट्यावर ठेवताना तो म्हणाला, "वयनीक बघवत नाय रे माका. पण ह्या परत सांगू नको हां."

शुक्रवारची सकाळ होती. आल्बिना आत झोपली होती. ह्युबर्टने मला घासूनपुसून बर्फ भरला आणि कामाला लागला.  पाणी गढूळ झालं. माझ्या पत्र्याला एक उग्र, हिरवट वास चिकटला. मी पेटी, मला नाही म्हणता येत नाही. दुपारपर्यंत त्याच्या बशीत ओल्या मातीसारखा एक लहानसा गोळा जमला. यात किती जोर आहे, किती द्यायचा, हे त्याला माहीत नव्हतं. सांगणारं कुणी नव्हतं.

आल्बिना उठून आली. तिने बशीकडे पाहिलं.

"हे काय?"

"औषध आहे."

"कसलं?"

तो खोटं बोलू शकला नाही. त्याने सगळं सांगितलं. ती स्टुलावर बसली. मग म्हणाली, "पकडलं तर?"

"तू आज चार घास खा. पुढचं पुढे बघू."

तिने थोडंसं घेतलं. अर्धा तास गेला, काहीच झालं नाही. ह्युबर्टचा धीर सुटला आणि त्याने आणखी दिलं. त्यानंतर थोड्या वेळाने ती म्हणाली, "पेज आहे का रे?" चार महिन्यांत तिने खायला मागितलं नव्हतं. अर्धी वाटी पेज तिने खाल्ली. ह्युबर्ट माझ्याकडे तोंड करून रडला, तिला दिसू नये म्हणून.

पण ते सुख घटकाभरच टिकलं. आल्बिनाच्या हातातली वाटी पडली. "माझे पाय कुठे आहेत? ह्युबर्ट, माझे पाय कुठे गेले?" ती ओरडू लागली. छाती धडधडत होती, ओठ कोरडे पडले होते. भिंती अंगावर येतायत असं म्हणत ती माझ्या कडेला घट्ट धरून खाली बसली. तिच्या नखांचे ओरखडे माझ्या लाकडावर उठले. ह्युबर्ट टेलिफोनकडे धावला. त्याने रिसीव्हर उचलला आणि ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. इस्पितळात नेलं तर काय दिलं ते सांगावं लागणार होतं. नेलं नाही तर?

तेवढ्यात आरडाओरडा ऐकून खदिजा वर आली. "क्या हुआ?"

"कुछ नहीं, खाला," ह्युबर्ट म्हणाला.

खदिजाने खाली बसलेल्या आल्बिनाकडे पाहिलं. "ये कुछ नहीं है? यल्ला, गाडी बुलाओ!"

गुंडू जेवायला म्हणून येतच होता. त्याने आल्बिनाला उचलून खाली नेलं. जिन्यात त्याने दबक्या आवाजात विचारलं, "डॉक्टराक काय सांगतलस?" ह्युबर्ट टॅक्सी थांबवायला पुढे धावला.

ते गेल्यावर खदिजा माझ्यापाशी आली. तिने झाकण उघडलं, वास घेतला आणि लगेच सगळं ओळखलं. तिचा हात तोटीवर गेला. सगळं पाणी सोडून, मला धुऊन मोकळं करणं दोन मिनिटांचं काम होतं. पण हात तिथेच थांबला. "डॉक्टर को देखना पड़ा तो?" ती स्वतःशीच म्हणाली. तिने झाकण लावलं आणि देवाचं नाव घेत माझ्याशेजारी बसून राहिली.

इस्पितळात काय झालं ते मला पुढे आल्बिनाच्या बोलण्यातून कळलं. तिच्यावर उपचार करणाऱ्या मसूदा नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या, हैदराबादच्या. त्यांनी विचारलं, "इन्होंने क्या खाया है? मुझे सुई देनी है, मालूम होना चाहिए."  ह्युबर्टच्या डोळ्यांपुढे तुरुंगाचं दार होतं. मग त्याने आल्बिनाचा श्वास ऐकला आणि म्हणाला, "मैंने दिया. गांजे का अर्क. घर में बनाया."

डॉक्टरीणबाई त्याला रागावल्या नाहीत. आधी त्यांनी आल्बिनाकडे पाहिलं. संध्याकाळपर्यंत तिची छाती शांत झाली, भीती ओसरली. तेव्हा त्यांनी विचारलं, "क्यों दिया?"

"उलटियाँ होती हैं. कुछ खाती नहीं."

"कब से?"

"चार महीने."

डॉक्टरीणबाई पलंगाच्या कडेवर बसल्या. "चार महीने से आप मुझे 'ठीक हूँ' बोल रही हैं? उलटी की दवा है मेरे पास. डोस भी बदल सकती थी. आपने पूछा क्यों नहीं?"

आल्बिना म्हणाली, "डर लगा."

मग डॉक्टरीणबाई ह्युबर्टला म्हणाल्या, "मुझे ये लिखना पड़ेगा." ह्युबर्टने मान डोलावली. तो पळाला नाही.

दुसऱ्या दिवशी पोलीस ह्युबर्टला घेऊन गेले आणि मलाही. माझ्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवली आणि पाच आठवडे मी एका गोदामात धूळ खात पडले. कोर्टात मला चौघांनी उचलून आणलं. दुभाष्याने विचारलं, "पेटी कुणाची?"

"माझी," ह्युबर्ट म्हणाला.

"माल कुणी आणून दिला?"

"मी केलं ते मी सांगितलं. दुसऱ्याचं नाव माझ्याकडून येणार नाही."

शेवटच्या बाकावर गुंडू बसला होता. त्याची मान जी खाली गेली ती वर आली नाही. मग आल्बिना उभी राहिली. डोक्यावर रुमाल, अंगावर शाल. ती म्हणाली, "त्याने माझ्यासाठी केलं, साहेब. दुखणं मी लपवलं म्हणून त्याला ते करावं लागलं." सहा महिने कैद आणि नंतर देशाबाहेर रवानगी, असा निकाल लागला. दुभाष्या सांगत होता की शिक्षा याहून खूप मोठी झाली असती. ह्युबर्टने स्वतःहून सांगितलं, ते त्याच्या कामी आलं.

घरमालकीण म्हणून खदिजाने मला मागून आणलं आणि तळमजल्याच्या अंगणात ठेवलं. तिथून मी पुढचे सहा महिने पाहिले. आल्बिना जीव मुठीत धरून इस्पितळातल्या मुख्य नर्सकडे, मेट्रनकडे गेली होती. मेट्रनने तिला कामावरून काढलं नाही, बसून करायचं काम दिलं. आल्बिनाने आधी कधी विचारलंच नव्हतं. उलट्यांवरची नवी औषधं सुरू झाली. उलट्या अगदी थांबल्या नाहीत, पण कमी झाल्या. तिला चार घास जाऊ लागले. दर तिसऱ्या रविवारी गुंडू रजा टाकून तिला इस्पितळात नेऊन आणायचा. खदिजाच्या चुलीवर पेज करायचा आणि समोर बसून म्हणायचा, "वयनी, अजून दोन घास जावंदेत." पुडीबद्दल दोघंही कधी बोलले नाहीत.

ह्युबर्टला विमानाने पाठवायचं ठरलं, तोवर आल्बिनाचे उपचार संपले होते. तिने राजीनामा दिला आणि त्याच विमानाचं तिकीट काढलं. गुंडू तिला विमानतळावर सोडून परत आला, तो थेट अंगणात माझ्या झाकणावर येऊन बसला. खदिजाने चहा आणला. तो सांगू लागला. पोलिसांनी ह्युबर्टला बाकावर बसवलं होतं. सहा महिन्यांनी बायको दिसली, तर त्याने पहिली गोष्ट गुंडूला विचारली, "ही खरंच जेवते का रे? का मला बरं वाटावं म्हणून लिहीत होती?" आल्बिनाने काही न बोलता डबा उघडला आणि त्याच्यासमोर दोन चपात्या भाजीशी खाल्ल्या. शिपाई पाठ फिरवून उभा राहिला, त्यांची घाई केली नाही.

एवढं सांगून गुंडू थांबला. चहा तसाच गार होत होता.

"खाला, वो पुडी मैं लाया था."

"मालूम है."

"आपको किसने बोला?"

"जीने में तेरा मुँह देखा था उस दिन."

"मगे इतके दिवस माका बोललात कित्याक नाय?" गुंडू चुकून आपल्या बोलीतच बोलून गेला. पण खदिजाला समजलं.

"तू बोलेगा, इसलिए रुकी थी."

गुंडूने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "अब मैं क्या करूँ, खाला?"

"पहले रो ले," खदिजा म्हणाली. "फिर सोचेंगे."

तो रडला, अगदी मोकळेपणी रडला. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्याच झाकणावर कागद ठेवून ह्युबर्टला पत्र लिहिलं. महिन्याभराने वसईहून उत्तर आलं. ते उघडायला तो घाबरत होता, म्हणून खदिजाने पाकीट फोडून दिलं. आत आल्बिनाचं अक्षर होतं. "भाऊजी, मी चर्चपर्यंत चालत जाते. तुमच्यावर आमचा राग नाही. सुट्टीवर आलात की आधी आमच्याकडे जेवायला या."

मित्रांनो, मी आता म्हातारी झाले आहे. माझा भुसा बसला आहे, बर्फ दुपारपर्यंतही टिकत नाही. खदिजा माझ्यात कोंबड्यांचे दाणे ठेवते. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी 'मी ठीक आहे' म्हणालं, तर जरा थांबून त्याच्या ताटाकडे बघा. जेवला नसेल, तर त्याच्याजवळ बसा आणि पुन्हा एकदा विचारा.